शिट्टीबाबत खुलासा

मेघना रोज सकाळी साडेसहाला स्वतःच्याच घरातून पळून जायची. पळून म्हणजे खरंच पळून. चपला हातात, डबा काखेत, आणि परसदारानं. पुढच्या दाराची कडी वाजली की साडेतीन वर्षांचा बुद्धघोष टुणकन उठून बसायचा आणि पदराला लोंबकळायचा. मग पिंपळीच्या फाट्यावरची इंदापूर गाडी चुकायची, मग मस्टरवर लाल खूण, मग साहेबांचं नुसतंच घड्याळाकडं बघणं. त्यापेक्षा चोरासारखं गेलेलं बरं.

पोरगंही काही कमी नव्हतं. आठ दिवसांत त्याला हा डाव कळला. ते आईच्या पदराचं टोक मुठीत धरूनच झोपायला लागलं. मेघनानं त्यावरही उपाय काढला. मूठ सोडवायच्या भानगडीत न पडता ती अंगावरची साडीच सोडायची, पोराजवळ ठेवायची आणि दुसरी नेसून निघायची. झालं असं, की बुद्धघोष उठायचा तेव्हा मुठीत साडी असायची, पण साडीत आई नसायची. मग तो ती सगळी साडी फरफटत गल्लीभर रडत हिंडायचा.

"आगं, लोकं इचारत्यात मला," संध्याकाळी मेघनानं उंबऱ्यात पाय टाकला की सासू सुरू व्हायची. तिचं नाव तुळसा. "म्हणत्यात, सून हाय का गेली? पोरगं लुगडं घिऊन रडत फिरतंय, बघवत न्हाय."

"मग तुम्ही घ्यायचं ना त्याला जवळ, आत्या." सासूला ती आत्या म्हणायची.

"घ्याया गेलं तर चावतंय. मला दात न्हायत, त्याला हायत."

तशी घरात माणसं कमी नव्हती. नवरा रविंद्र बारामतीच्या एमआयडीसीत फिटर. आठवड्याआड त्याला सेकंड शिफ्ट असायची, म्हणजे दुपारपर्यंत तो घरीच. पण तेव्हा तो झोपलेला असायचा, आणि झोपलेला नसला तर झोपणार असायचा. सासरे अप्पा कॅनॉलवरची नोकरी करून रिटायर झालेले. सून शिकलेलीच पाहिजे हा हट्ट त्यांचाच. शिकलेल्या सुनेला नोकरी लागली तेव्हा त्यांनी विहारापाशी पेढे वाटले. नोकरी लागली म्हणजे सून घरात नसणार, हे त्यांच्या पेढे संपल्यावर लक्षात आलं.

इंदापुरातल्या एका सरकारी कचेरीत मेघना टायपिस्ट होती. दोन वर्षांचं प्रोबेशन, त्यातले चार महिने उरलेले. चार महिने गप काढले की नोकरी कायम. पण घरात एक अट होती आणि ती रविंद्रनं घातली होती. पोराचे हाल झाले तर नोकरी बंद. हाल कुणी होऊ द्यायचे नाहीत, यावर मात्र काही ठरलं नव्हतं.

टेपची कल्पना तिला गाडीत सुचली. अप्पांकडं एक टू-इन-वन होता. सकाळी त्यावर वंदना लागायची, संध्याकाळी भीमगीतं, आणि मधला सगळा दिवस तो रुमाल पांघरून फळीवर बसलेला असायचा. एका रविवारी मेघनानं कोरी कॅसेट आणली, स्वयंपाक करता करता टेप शेगडीशेजारी ठेवला आणि बोलायला लागली.

"उठला का माझा राजा?" मग थोडं थांबली, पोराला हं म्हणायला वेळ हवा म्हणून. "बरं. आता तोंड धू बघू." मग बरंच थांबली. तेवढ्यात शेजारचा कोंबडा आरवला, तोही कॅसेटमध्ये गेला. "धुतलं? शाब्बास! आता आजीकडनं दूध घे. सगळं प्यायचं हं." परत थांबली. "प्यायलं? शाब्बास माझ्या वाघा! असंच रोज करायचं." इथं कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, तिनं हसत हसत गॅस बारीक केला आणि शेवटचं बोलली, "आई संध्याकाळी येते हं. रडायचं नाही."

टेप चालू करायच्या बटणावर तिनं आपली एक टिकली चिकटवली. "टिकलीचं बटण दाबायचं," तिनं सासूला आणि पोराला एकदमच सांगितलं. "आणि ते पलीकडचं आवाज भरायचं लाल बटण आहे ना, त्याला कुणी हात लावायचा नाही." टिकलीसुद्धा लालच होती, हे बोलताना तिच्या ध्यानात आलं नाही.

सोमवारी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तुळसा चक्क हसत होती.

"आगं, टिपूस न्हाय काढलं डोळ्यातनं! मिशिन लावलं, गप बसलं, तोंड धुतलं, दूध पिलं. कोंबडा वरडला तवा त्यो बी वरडला. कुकर वाजला तसं म्हणतंय, आता आई यील."

मेघनाला वाटलं, जिंकलं. त्या आठवड्यात ती पुढच्या दारानं, चपला पायात घालून नोकरीला गेली.

फक्त त्या टेपमध्ये एक खोट होती. खरी आई शाब्बास म्हणायच्या आधी तोंडावरून हात फिरवून बघते. कोपऱ्यात साय चिकटलीय का, दात घासले का नुसते ओले केले. टेप बघत नाही. टेप वेळ झाली की शाब्बास म्हणते. बुद्धघोषच्या हे चार दिवसांत लक्षात आलं. पहिल्यांदा त्यानं दूध मांजराला घातलं. शाब्बास माझ्या वाघा. मग अप्पांचा चष्मा रांजणात सोडला, बटण दाबलं आणि मांडी घालून वाट बघत बसला. शाब्बास माझ्या वाघा, असंच रोज करायचं. मग त्यानं ते रोज करायला घेतलं. बालवाडीत कुणाची पाटी ओढली, कुणाला ढकललं, की पळत घरी यायचं, टिकली दाबायची आणि आईकडून पाठ थोपटून घ्यायची.

एका गुरुवारी शेजारची दगडाबाई आपल्या नातवाला, ऋषिराजला, दंडाला धरून घेऊन आली. दंडावर दातांचे ठसे होते, वरचे चार आणि खालचे चार.

"तुळसाबाई, बघा हे. तुमच्या नातवानं आमच्या पोराला खाल्लंया."

"खाल्लंय काय, चावलंय म्हणा. घोषा, हिकडं ये. चावलास का न्हाय, खरं बोल."

बुद्धघोष खाली मान घालून उभा.

"बघ बरं का. आईला कळलं तर काय म्हणंल आई?"

हा प्रश्न आजीनं सहज विचारला होता, पण नातवाला उत्तर माहीत होतं. तो तडक फळीपाशी गेला, स्टुलावर चढला आणि टिकली दाबली. सकाळी दूध सांडल्यावर टेप मध्येच बंद केलेला, त्यामुळे आवाज बरोबर तिथूनच निघाला.

"प्यायलं? शाब्बास माझ्या वाघा! असंच रोज करायचं."

दगडाबाईच्या डोळ्यांची भोकं मोठी झाली.

"रोज? रोज चावायचं म्हणती ही?"

"आवं न्हाय, ते दुधाचं हाय."

"माझ्या पोराचा दंड म्हंजी दूध हाय व्हय? लाज हाय का न्हाय तुमच्या सुनंला! सोता साहेबीण हून इंदापुरात बसायचं आन हितं मिशिनीवनं पोरास्नी चावं घ्याया शिकवायचं!"

तुळसा घाबरली. कुकरची पहिली शिट्टी व्हायच्या आत हे बंद केलं पाहिजे म्हणून ती धावली. बटण लाल आहे एवढंच तिला आठवत होतं. तिनं लाल दाबलं. आवाज थांबला. तिनं कपाळाचा घाम पुसला आणि दगडाबाईकडं वळून म्हणाली, "आता बोला."

दगडाबाईनं तेच पहिल्यापासून सुरू केलं आणि ती सात-आठ मिनिटं बोलली. फळीवर कॅसेट गपचूप फिरत होती.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मेघना वेळेत निघाली. बुद्धघोष उठला, टेप मागं नेला, टिकली दाबली. राजा उठला. कोंबडा आरवला. तोंड धुतलं, दूध पुढ्यात आलं, शाब्बास झालं, असंच रोज करायचं झालं. आता कुकर वाजायचा होता, आई संध्याकाळी येते म्हणायची होती. त्याऐवजी टेपमधून आजी "आता बोला" म्हणाली आणि दगडाबाई गरजली, "माझ्या पोराचा दंड म्हंजी दूध हाय व्हय! लाज हाय का न्हाय तुमच्या सुनंला!"

पोरानं आधी टेपच्या मागं जाऊन बघितलं. मग मागं नेऊन परत लावलं. परत तेच. आई असंच रोज करायचं म्हणाली की दगडाबाई तिच्यावर झडप घालायची आणि आई कायमची गप व्हायची. तिसऱ्यांदा लावल्यावर त्याला सगळं कळलं. तो उठला, उघड्या अंगानं दगडाबाईच्या दारात गेला आणि तिच्या उंबऱ्यावर आडवा पडला.

"माझी आई सोड! सोड माझी आई!"

"आरं बाबा, तुझी आई इंदापुरात हाय."

"न्हाय! तू खाल्ली!"

गल्ली गोळा झाली. दगडाबाईनं गुळाचा खडा दिला, तो त्यानं तिलाच फेकून मारला. तुळसानं उचलायला बघितलं, तिला चावला. अप्पांनी पेपरची घडी घालून "बुद्धघोष, शांत हो," असं भारदस्त आवाजात सांगितलं, ते कुणालाच ऐकू आलं नाही. साडेअकरापर्यंत असंच चाललं. दूध नाही, पाणी नाही, आवाज बसत आलेला. शेवटी रविंद्र जागा झाला. त्या घराच्या हिशोबानं ही त्या दिवसातली सगळ्यात मोठी घटना होती.

"कितींदा सांगितलं, हे नोकरीचं झेपायचं न्हाय हिला," तो म्हणाला. मग बनियनवरच पोराला खांद्यावर टाकून फाट्यावर रामहरीच्या एसटीडी बूथवर गेला आणि कचेरीत फोन लावला.

कचेरीत एकच फोन होता आणि तो साहेबांच्या टेबलावर होता. त्या दिवशी नेमकी पुण्याहून तपासणी आलेली. एक जाडजूड अधिकारी साहेबांच्या समोर बसून फायली चाळत होते. शिपायानं मेघनाला मशीनवरून उठवून आणलं.

"मॅडम, घरचा फोन. लवकर उरका, साहेब तापलेत."

मेघनानं रिसीव्हर कानाला लावला. रविंद्र म्हणाला, "हे घे. तुझ्या पोराला तूच बघ." आणि त्यानं रिसीव्हर पोराच्या तोंडाला लावला.

"घोषा? काय झालं रे बाळा?"

हुंदके. मग बसलेल्या आवाजात, "तू आई न्हाईस."

"अरे मीच आहे."

"आई अशी बोलत न्हाय. आई म्हणती राजा."

मेघनानं साहेबांकडं बघितलं. साहेब पाहुण्यांना कुठलंतरी परिपत्रक दाखवत होते. ती खिडकीकडं तोंड करून हळू म्हणाली, "उठला का माझा राजा?"

तिकडं हुंदका थांबला.

"तोंड धुतलं? शाब्बास. दूध प्यायलं?"

"न्हाय."

"नाही नसतं म्हणायचं, तू गप बसायचं असतं." तिची ओळ चुकली. "बरं. प्यायलं? शाब्बास माझ्या वाघा. असंच रोज करायचं. आई संध्याकाळी येते हं."

"न्हाय! कुकर कुठंय?"

"काय?"

"आधी कुकर वाजतो. मग आई येती. कुकर वाजला न्हाय."

"घोषा, इथं कुकर नाही रे बाळा. हे ऑफिस आहे."

पोरानं असा हंबरडा फोडला की रिसीव्हरमधून तो पुण्याच्या अधिकाऱ्यापर्यंत गेला. त्यांनी फायलीतून मान वर केली. पलीकडून रविंद्रचा आवाज आला, "वाजव की गं ती शिट्टी! हितं फाट्यावर तमाशा झालाय. लोकं म्हणत्यात पोराची आई गेली. वाजव!"

मेघनाला तीन परीक्षा देऊन ही नोकरी लागली होती. मराठी टायपिंगची तीसची, चाळीसची आणि मग तोंडी. तोंडी परीक्षेत कुणी शिट्टी विचारली नव्हती. तिनं डोळे मिटले, ओठांचा चंबू केला आणि वाजवली. फुर्र.

"ह्यो न्हाय. मोठा."

"फुर्रर्रर्र—सूंऽऽ!"

"अजून दोन."

ती कुकरसारखीच बेभान झाली. दुसरी शिट्टी शिपायानं व्हरांड्यात ऐकली, तिसरी आवक-जावकच्या बाईंनी भिंतीपलीकडून. तिसरीनंतर ती हसलीसुद्धा, कारण कॅसेटमध्ये तिथं हसू होतं. पाण्यानं भरलेल्या डोळ्यांनी ती ही ही ही असं हसली आणि म्हणाली, "आई संध्याकाळी येते हं. रडायचं नाही."

तिकडून एक समाधानाचा सुस्कारा, आणि लांबून रामहरीचा आवाज, "पितंय का बघा दूध, माझ्याकडं चहाचं हाय, देऊ का?"

मेघनानं रिसीव्हर ठेवला आणि वळली. पुण्याच्या अधिकाऱ्यांचा चहाचा कप ओठापासून चार बोटांवर थांबला होता. साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. सरकारी कचेरीत गंभीर गोष्टी तोंडानं बोलत नाहीत. त्या टाईप होऊन येतात.

ही गंभीर गोष्ट साडेतीनला आली. शिपायानं साहेबांच्या अक्षरातला कागद तिच्याच टेबलावर ठेवला, कारण कचेरीत टायपिस्ट एकच होती. विषय: कार्यालयीन दूरध्वनीवर शिट्ट्या मारल्याबाबत. आपण परिविक्षाधीन कर्मचारी असून, वरिष्ठांच्या समक्ष, तपासणी चालू असताना, तीन वेळा. मेघनानं दोन कार्बन घालून, समास सोडून, एकही चूक न करता तो मेमो टाईप केला. साहेबांची सही आणली, स्वतःच स्वतःला दिला, आणि मिळाला म्हणून सही केली. मग मशीनमध्ये दुसरा कागद घालून लगेच खुलासा टाईप केला. सदर शिट्ट्या तीन असून त्या कुकरच्या होत्या.

पुण्याचे अधिकारी गेल्यावर साहेबांनी तो वाचला.

"कचेरीत कुकर कुठून आला?"

"कुकर घरी आहे, साहेब."

"मग शिट्टी इथं कशी वाजली?"

मेघनानं पहिल्यापासून सगळं सांगितलं. साडी, टेप, टिकली, कुकर. साहेबांनी ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. वाईट माणसाला निदान राग येतो. साहेबांना फक्त नियम आठवायचे.

"हे बघा बाई, तुमचं घर तुमच्यापाशी. मला एकच कळलं पाहिजे. कार्यालयीन वेळेत तुमच्या मुलाजवळ कोण असतं? व्यवस्था काय आहे? एक ओळ लिहून द्या, जबाबदारी कुणाची ती लिहा. सोमवारी कागद माझ्या टेबलावर पाहिजे. नसला तर प्रोबेशनच्या रिपोर्टात मला लिहावं लागेल, घरगुती अडचणींमुळं कामास अपात्र."

"साहेब, घरी तीन माणसं आहेत."

"मग त्यातलं एक लिहा. अवघड काय आहे?"

संध्याकाळी घरी आल्यावर मेघनानं आधी कॅसेट ऐकली. दगडाबाईचं भाषण ऐकलं, त्याच्यामागं तुळसाचंही. "मी बी तेच म्हणतीया," सासू टेपमध्ये सांगत होती, "आग लागू त्या नोकरीला. पर माझ्या सुनंला तू नको नावं ठिऊ. तुझी सून उसात खुरपतीया, तिचं पोरगं कोण बघतं? तू? तू तर हितं भांडत बसलीयास." मेघनाला कशाचा राग मानावा आणि कशाचा मानू नये हे कळेना. तिनं कुकर लावला, तीन शिट्ट्यांची वाट बघितली आणि त्यावरच सगळं नव्यानं बोलली. शाब्बास तेवढे कमी केले आणि "कुणाला चावायचं नाही" हे दोनदा घातलं.

रविवारी जेवणं झाल्यावर तिनं कोरा कागद काढला.

"आत्या, तुमचं नाव लिहू का? तुम्हीच तर असता दिवसभर."

"आगं बया! सरकारी कागदावर माझं नाव? उद्या पोरगं पडलं झडलं तर पोलीस मला धरत्याल. न्हाय बाई. सांभाळंन मी, पर नाव लिवू नको."

"अप्पा?"

अप्पांनी चष्मा काढला. तो रांजणात पडल्यापासून एका डोळ्यानं धुरकट दिसायचं. "माझी काय हरकत न्हाय. पण लेखी दिलं म्हंजी बांधून घेतल्यासारखं होतंय. मला मीटिंगा असत्यात, लग्नकार्यं असत्यात. मुलाला आईच पाहिजे, हे शास्त्र हाय. दुसरं नाव लिवणं मला पटत न्हाय."

"अहो, मग तुमचं?"

रविंद्रला ठसका लागला. "माझं? मी पोरगं सांभाळतो असं लिवून द्यायचं? इंदापूर काय लांब हाय का? कंपनीत कळलं तर मला घुंगूर बांधतील. त्यापेक्षा सरळ सांग साहेबाला, राजीनामा घ्या. मी म्हणलोच हुतो, पोराचं हाल झालं तर बंद."

"हाल कोण करतंय?" मेघनाचा आवाज चढला. "तुम्ही साडेअकराला उठलात त्या दिवशी!"

"मी शिफ्ट करून आलेलो असतो!"

"आणि मी काय करून आलेली असते?"

एवढ्यात बुद्धघोषनं तो कोरा कागद उचलून त्याची होडी करायला घेतली. मेघना खेकसली, "ठेव तो खाली! किती वेळा सांगायचं रे तुला!" त्याचा ओठ बाहेर आला. मग अप्पांनी न्यायाधीशासारखा हात वर केला.

"थांबा. पोराचा प्रश्न हाय, पोरालाच इचारू. आई घरी राहावी असं ते म्हणलं तर उद्या राजीनामा. बुद्धघोष, बाळ, हिकडं ये. दिवसभर तुला कोण सांभाळतं?"

बुद्धघोषला विचार करावा लागला नाही. "आई."

रविंद्रनं मांडीवर थाप मारली. "ऐकलं? पोराला आईच दिसतीया. संपला विषय."

मेघनाला वाटलं, राजीनामा तर राजीनामा. इतके दिवस परसदारानं पळून गेलेली बाई, आणि पोरगं म्हणतंय आईच सांभाळते. तिनं त्याला ओढून कुशीत घेतलं. त्यानं अंग आकसलं, तिच्या हातातून सुळकन निसटला आणि लांब उभा राहिला.

"ही न्हाय," तो म्हणाला. त्यानं फळीकडं बोट केलं. "ती."

"अरे ती टेप आहे. आई मी आहे ना."

"तू इंदापूरची." त्याच्या आवाजात राग नव्हता. गाडीची पाटी वाचावी तसं तो सांगत होता. "ती वरडत न्हाय. ती दमत न्हाय. परत बोल म्हणलं की परत बोलती."

"आणि मी घरीच राहिले तर? रोज? दिवसभर?"

पोरगं घाबरलं. त्यानं आजीकडं बघितलं, अप्पांकडं बघितलं, आणि मग काळजीनं विचारलं, "मग तिला कुठं ठिवणार?"

सगळ्यात आधी तुळसाला हायसं वाटलं. "मिटलं म्हणा की. पोराची काय तक्रार न्हाय." अप्पाही मान हलवत म्हणाले की हो, पोराच्या मनाविरुद्ध राजीनामा देणं योग्य न्हाय, नोकरी चालू राहू द्या. रविंद्र उठला, शर्ट अडकवला आणि म्हणाला, "मी सेल आणतो नवीन. लाईट गेली तर बंद पडाया नको." पोर जन्मल्यापासून त्याच्यासाठी रविंद्रनं आपणहून केलेलं हे पहिलं काम. मेघनानं कागदावरची होडीची घडी हातानं सपाट केली आणि तो पिशवीत घातला.

दिवस मावळताना दगडाबाई आली. दारातच उभी राहिली, पदराआडून एक कोरी कॅसेट काढली.

"मेघना, झालं गेलं इसर. आमच्या ऋषिराजला बी एक भरून दे की. त्याची आई सातला उसात जाती, पोरगं माझ्या डोक्यावर."

"त्याच्या आईलाच पाठवा ना मावशी. तिचा आवाज पाहिजे."

"तिला कुठला टाईम? आन तिचा आवाज ऐकलास का, खुरप्यासारखा. तूच बोल. तुझं पोरगं बघ कसं गप बसतंय." जाता जाता ती वळली. "शाब्बास तेवढं बेतानं घाल."

सोमवारी मेघना वेळेत पोचली. मस्टरवर सही केली, मशीनवरचं कव्हर काढलं आणि घडी पडलेला तोच कागद रोलरमध्ये घातला. मग एका दमात टाईप केलं. कार्यालयीन वेळेत माझ्या मुलाजवळ पूर्ण वेळ त्याची आई असते. सबब कोणतीही अडचण नाही. खाली सही केली आणि कागद आत नेऊन ठेवला.

साहेबांनी चष्मा लावला, वाचला, आणि कित्येक दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"आई घरी असते? मग काय प्रश्नच नाही." त्यांनी कोपऱ्यात लाल शाईनं 'मान्य' लिहिलं, सही ठोकली आणि कागद फायलीत सरकवला. "आईजवळ असल्यावर पोराची काळजी कसली? हे शुक्रवारीच का नाही सांगितलंत?"

"शुक्रवारी मला माहीत नव्हतं, साहेब," मेघना म्हणाली.